मागचा ब्रेक : वऱ्हाडातील एका सवयीचा इतिहास

मोटरसायकलच्या दोन ब्रेकांपैकी पुढचा अधिक समर्थ असतो, ही गोष्ट यंत्रशास्त्रात निर्विवाद असली, तरी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या रस्त्यांवर कारभार चालत आला तो मागच्या ब्रेकचाच. उजव्या पायाखालची पट्टी दाबून गाडी थांबवायची आणि उजव्या हाताचा ब्रेक अडचणीपुरता राखून ठेवायचा, ही शिकवण येथे वडिलांकडून मुलाकडे तोंडी आली. जुन्या वेगवान मोटरसायकलला मागे डिस्क ब्रेक बसवून घेण्याची अलीकडची हौस याच शिकवणीतून उगवली असल्यामुळे तिचा इतिहास सांगताना केवळ सुट्या भागांची यादी पुरत नाही. रस्ता, माती, ओझे आणि भीती या चारही गोष्टी विचारात घ्याव्या लागतात.

वऱ्हाडचे जुने वाहन म्हणजे बंडी, आणि माणसांच्या प्रवासासाठी दमणी. सपाट काळ्या रानातून कापूस बाजारात नेणाऱ्या बंडीला थांबवण्याचे साधन म्हणजे गाडीवानाच्या हातातला कासरा. उताराला लागले की मालाचे वजन जुवावाटे बैलांच्या मानेवर येई आणि बैल पाय रोवून ते पेलत. पूर्णेच्या खोऱ्यात असे उतार थोडेच असल्यामुळे थांबण्याची चिंता मुळात फारशी नव्हती. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला इंग्लंडच्या गिरण्यांकडून मागणी आली आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, तेव्हा बंडीला रेल्वेस्थानकापर्यंत जाणारे रस्ते मिळाले. हे रस्ते मुरमाचे आणि गिट्टीचे होते, आणि पुढे डांबर आले तरी गावाकडचा शेवटचा टप्पा दीर्घकाळ मुरमाचाच राहिला. मागच्या ब्रेकवरच्या विश्वासाचे पहिले कारण या मुरमात आहे.

दुसरे कारण सायकल होय. गिट्टीवर सायकलचा पुढचा ब्रेक एकदम दाबला की पुढचे चाक आडवे होऊन किंवा जागीच अडून स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो, हा अनुभव ज्या पिढीने गुडघ्यांवर घेतला, त्याच पिढीच्या हातात पुढे मोटरसायकल आली. ‘पुढचा ब्रेक मारू नको’ हा उपदेश सायकलचाच होता. वाहन बदलले तरी तो तसाच टिकला. त्या काळच्या मोटरसायकलींनीही त्याला बळ दिले, कारण १९५० आणि १९६०च्या दशकांपासून या देशात तयार होऊ लागलेल्या बुलेट, जावा आणि राजदूत या गाड्यांचा पुढचा ब्रेक तारेवर चालणारा असे, ती तार ताणली जाई, धुळीने जड होई आणि हाताची मूठ दुखेपर्यंत आवळूनही गाडी आपल्याच मनाने थांबे. मागचा ब्रेक मात्र लोखंडी कांबीने, म्हणजे ब्रेक रॉडने, ओढला जाई. कांब ताणली जात नाही आणि पायाचा जोर हातापेक्षा कितीतरी अधिक असतो. जुन्या बुलेटला हा पायाचा ब्रेक डावीकडे आणि गिअर उजवीकडे असे, त्यामुळे बुलेटवरून राजदूतवर किंवा राजदूतवरून बुलेटवर बसणाऱ्याचा पाय ऐन वेळी चुकीच्या पट्टीवर पडण्याची धास्ती असे. तरीही तो पायच वापरला जाई, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या सर्व गाड्यांचा ब्रेक ड्रमचा होता. ड्रम म्हणजे चाकाच्या मध्यभागी असलेला पोकळ डबा. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात, शूच्या बाहेरच्या अंगावर घर्षणाचा थर, म्हणजे लायनर, चिकटवलेला असतो, आणि पट्टी दाबली की कॅम नावाचा चपटा दांडा फिरून दोन्ही शूंना बाहेर फाकवतो व लायनर डब्याच्या आतल्या भिंतीला घासतो. फ्रान्समधील लुई रेनॉ याने १९०२ मध्ये मोटारीसाठी या रचनेला चांगले रूप दिले. तिची खुबी अशी की दोहोंपैकी ज्या शूचे कॅमकडील टोक चाकाच्या फिरण्याच्या दिशेने पुढे सरकते, तो आघाडीचा शू फिरत्या डब्याबरोबर ओढला जाऊन आपोआप अधिक घट्ट दाबला जातो, म्हणजे चाकाचाच जोर चाक थांबवण्याच्या कामी येतो. दुसरा, पिछाडीचा शू तेवढा कामाचा नसतो. थोड्या पैशांत, थोड्या जोरात आणि डबा बंद असल्यामुळे धूळचिखलापासून बरेचसे सुरक्षित राहून काम करणारे हे यंत्र वऱ्हाडच्या काळ्या मातीला मानवले यात नवल नाही.

ते मानवले याचे आणखी एक कारण म्हणजे ते कोणत्याही मिस्त्रीला खोलता येई. मागचे चाक काढण्यासाठी एक्सलचा नट, चेन आणि ब्रेकची कांब असे मोजकेच भाग सोडवावे लागतात. चाक बाहेर आले की ब्रेकची प्लेट हाताने ओढून वेगळी होते आणि आतून काळ्या भुकटीचा एक लहानसा ढीग वर्तमानपत्रावर पडतो. लायनर काचेसारखा चकाकत असेल, तर त्यावर तापून कडक साय धरलेली असते आणि असा लायनर कितीही दाबला तरी डब्यावरून घसरत राहतो. मिस्त्री मग पॉलिश पेपरच्या तुकड्याने ती चकाकी घासून काढतो, तेच डब्याच्या आतून करतो, कॅम ओढून काढून त्याचा जुना कडक झालेला ग्रीस पुसतो आणि नवा ग्रीस इतकाच लावतो की तो गरम होऊन लायनरवर ओघळू नये. डब्याच्या भिंतीत बोटाला लागेल एवढी खाच पडली असेल, तर चाक लेथवर जाते आणि भिंत कातून पुन्हा गोल केली जाते. शेवटी कांबेच्या टोकाचा नट एकेक आटा फिरवून, चाक हाताने गरागरा फिरते पण पट्टीवर पाय पडताच अडते, अशी जागा कानाने शोधली जाते. या सगळ्या कामात वर्षानुवर्षे एक घातक चूक होत आली: ती काळी भुकटी फुंकरीने किंवा हवेच्या नळीने उडवली जाई, आणि त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांत रुतून बसणारे खनिज तंतू, असत. गॅरेजमधल्या पोऱ्यांच्या छातीत त्यातले किती गेले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

ड्रमची खरी परीक्षा १९८०च्या दशकात सुरू झाली. परदेशी सहकार्याने लहान दुचाकी बनवण्यास सरकारने मुभा दिल्यावर जपानी यंत्रे आली. त्यांतील १९८५ ची यामाहा आरएक्स १०० ही ९८ सीसीची, सुमारे १०० किलो वजनाची आणि ११ अश्वशक्तीची गाडी गावोगावच्या तरुणांच्या डोक्यात अशी बसली की १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबल्यानंतरही ती उतरली नाही. तिच्याआधी १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने दोन सिलिंडरची राजदूत ३५० बाजारात आणली होती. जपानमधील मूळ आरडी ३५०ला पुढे डिस्क ब्रेक होता, तो काढून भारतीय गाडीला पुढेही ड्रमच देण्यात आला, फक्त त्यातले दोन्ही शू आघाडीचे ठेवण्यात आले. वेग जपानचा आणि ब्रेक काटकसरीचा, असा हा सौदा होता. शिवाय या गाड्यांची इंजिने टू-स्ट्रोक होती, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनच गाडीला मागे खेचते तो परिणाम अशा इंजिनात फारच कमी मिळतो, त्यामुळे बुलेटवाल्याला जे काम निम्मे इंजिन करून देई ते आरएक्सवाल्याला सगळे ब्रेकने करावे लागे.

हे ब्रेकचे काम किती मोठे असते ते मेळघाटात कळते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर आहे आणि पायथ्याचे परतवाडा त्याहून सुमारे ७०० मीटरने खाली. स्वारासह २०० किलोची गाडी हा घाट उतरते, तेव्हा उंचीची जी ऊर्जा खर्ची पडते ती साधारण चार लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. तिच्यातला काही भाग वारा आणि टायर घेतात, काही इंजिन घेते, पण पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून आणि फक्त मागच्या पट्टीवर पाय ठेवून उतरणाऱ्याच्या बाबतीत उरलेले बहुतेक सर्व त्या एका लहानशा डब्यात जाते. डबा तापून फुगतो, त्याची भिंत शूपासून दूर सरकते, लायनरची पकड सुटते आणि पट्टी दबत गेली तरी गाडी पळत राहते. मे महिन्यात, जेव्हा पायथ्याच्या मैदानात पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला असतो, तेव्हा डब्याला निवायलाही वेळ लागतो.

मागचा ब्रेक अपुरा पडतो याचे कारण मात्र नेहमीच ब्रेकमध्ये नसते, आणि येथेच वऱ्हाडी सवय व यंत्रशास्त्र यांचा खरा वाद आहे. गाडी थांबू लागली की वजन पुढच्या चाकाकडे झुकते. स्वारासह २०० किलोची गाडी उभी असताना दोन्ही चाकांवर शंभर-शंभर किलो आहेत असे धरले, वजनाचा मध्य जमिनीपासून ६० सेंमीवर आणि दोन चाकांतले अंतर १३० सेंमी मानले, तर कोरड्या डांबरावर जोरात थांबताना मागच्या चाकावरचे सुमारे ६५ किलो पुढे सरकतात आणि मागे उरतात जेमतेम ३५. एवढ्या हलक्या झालेल्या चाकाला कितीही भारी ब्रेक लावला तरी ते फक्त लवकर अडेल आणि घसरेल; थांबण्याचे अंतर त्याने कमी होणार नाही. हाच हिशेब मुरमावर मांडला, जेथे टायरची पकडच निम्म्याहून कमी असते, तर पुढे सरकणारे वजन ३० किलोंच्याही आत राहते आणि मागचे चाक आपला वाटा उचलू शकते. त्यातच मागे दोघे बसलेले किंवा दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेले असले की मागच्या चाकावरचा भार आणखी वाढतो. शहाणपण पुस्तकाचे खरे आणि आजोबांचेही खरे. फक्त त्यांचे रस्ते वेगळे होते. चूक होते ती मुरमाचे शहाणपण चौपदरी महामार्गावर नेल्यामुळे.

डिस्क ब्रेकची कल्पना ड्रमइतकीच जुनी आहे, कारण इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने तिचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते. पण तिला मोठा मान मिळाला १९५३ मध्ये, जेव्हा डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली, आणि मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या मोटरसायकलवर ती १९६९च्या होंडा सीबी ७५०ने आणली. या रचनेत चाकाबरोबर फिरणाऱ्या उघड्या पोलादी तबकडीला कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅडने आवळतो. आवळण्याचा जोर तेलातून येतो: पट्टीने मास्टर सिलिंडरचा लहान पिस्टन ढकलला जातो, दाब नळीतून कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनवर पोचतो आणि पिस्टनांच्या क्षेत्रफळांच्या प्रमाणात जोर वाढतो. मास्टरच्या पिस्टनचा व्यास १४ मिमी आणि कॅलिपरचा २८ मिमी असेल, तर जोर चौपट होतो. तबकडी उघडी असल्यामुळे ती वाऱ्याने निवते, आणि पाणी पडले तरी फिरता फिरता झटकून टाकते.

भारतात १९९९च्या हिरो होंडा सीबीझेडने आणि २००१च्या बजाज पल्सरने पुढचा डिस्क ब्रेक सामान्य तरुणाच्या आवाक्यात आणला. २००३च्या करिझ्मालाही पुढे डिस्क होती, पण या तिन्ही गाड्यांचे मागचे चाक अजून ड्रमवरच होते. २००७च्या पल्सर २२० आणि २००८च्या यामाहा आर १५ यांना मागेही तबकडी मिळाली. या बदलामागचा बराचसा उद्योग महाराष्ट्रातच उभा राहिला होता: औरंगाबादजवळच्या वाळूजची एन्ड्युरन्स ही कंपनी दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवू लागली होती आणि इटलीच्या ब्रेंबोने २००६ मध्ये पुण्यात भागीदारीत सुरू केलेला व्यवसाय लहान आणि मध्यम क्षमतेच्या गाड्यांसाठी पुढे ‘बायब्रे’ या नावाने ओळखला जाऊ लागला. अपघातात सापडलेल्या किंवा भंगारात निघालेल्या नव्या गाड्यांचे मागचे चाक, तबकडी, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर सुटे विकत मिळू लागले, तेव्हा जुन्या पल्सरच्या आणि करिझ्माच्या मालकांना मोह होणे स्वाभाविक होते. डिस्क मागेही दिसली की गाडी ‘नवी’ दिसते, हाही त्या मोहाचा एक भाग होता आणि तो लहान नव्हता.

हे काम बाहेरून दिसते तेवढे सोपे नाही. ड्रमचे चाक काढून डिस्कचे बसवले की प्रथम हबची रुंदी जुळत नाही. एक्सलवर लेथवर कातलेल्या बुशा घालून चाक चेनच्या रेषेत आणावे लागते, नाहीतर स्प्रॉकेट दोन-तीन हजार किलोमीटरांत झिजते. कॅलिपर ज्या चौकटीवर बसतो ती चौकट ब्रेक लागताच चाकाबरोबर फिरू पाहते, म्हणून तिला मागच्या चिमट्याला, म्हणजे स्विंगआर्मला, पक्का आधार द्यावा लागतो. तो आधार जुन्या चिमट्यावर वेल्डिंगने जोडला आणि सांधा तुटला, तर कॅलिपर आऱ्यांत अडकून चाक जागीच थांबते. मास्टर सिलिंडर पट्टीजवळ कोठे बसवायचा, त्याचा पिस्टन आणि कॅलिपरचा पिस्टन यांचे प्रमाण जुळते का, हे पाहिले नाही तर पट्टी एकतर दगडासारखी घट्ट लागते किंवा तळाला टेकेपर्यंत काहीच होत नाही. शेवटी तेल भरून हवा काढावी लागते: एक जण पट्टी दाबून धरतो, दुसरा कॅलिपरचा निपल अर्धा आटा सैल करतो, पारदर्शक नळीतून बुडबुडे येतात, निपल आवळला जातो आणि मगच पट्टी सोडली जाते; बुडबुडे थांबेपर्यंत हे चालते, कारण तेल दबत नाही, पण हवा दबते. हे तेल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ४ प्रतीचे तेल नवे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणून दोन वर्षांनी ते बदलावे असा नियम आहे, आणि ड्रमच्या सवयीत वाढलेल्या मालकाला तो सहसा ठाऊक नसतो.

मातीचाही प्रश्न उरतोच. पावसाळ्यात काळ्या रानातून आलेल्या गाडीच्या उघड्या तबकडीवर चिकट चिखलाचा थर बसतो आणि त्यातले खडे पॅडला आणि तबकडीला चरे पाडतात; अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणीच खारे आहे, त्या पाण्याने धुतलेल्या गाडीच्या लोखंडाला गंज लवकर धरतो आणि कॅलिपरच्या सरकत्या पिना त्यात अडकतात. पिना अडकल्या की पॅड तबकडीला सतत घासत राहते. शेतावर जाणाऱ्या गाडीला बंद डब्याचा ड्रम अजूनही उजवा, हे मत म्हणून केवळ जुनाट म्हणता येत नाही.

कायद्याने या विषयात उशिरा, पण दोन बाजूंनी प्रवेश केला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही मनाई ठामपणे उचलून धरली. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी परिवहन कार्यालयात तपासली जाते, तेव्हा वेल्डिंगने लावलेला ब्रेक हा अडचणीचा विषय होऊ शकतो. दुसरीकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे चाक अडण्याच्या बेतात आले की ब्रेकचा दाब क्षणभर सोडणारी यंत्रणा, सक्तीची झाली, आणि त्याखालच्या गाड्यांना तिच्याऐवजी सीबीएस, म्हणजे जोडब्रेक, चालू शकेल असे ठरले. या जोडब्रेकात मोटरसायकलची मागची पट्टी दाबली की पुढचा ब्रेकही काही प्रमाणात आपोआप लागतो. देशभरातल्या चालकांचा पाय हाताच्या आधी पुढे येतो, हे येथे सरकारी पातळीवरच गृहीत धरले गेले: सवय मोडता आली नाही, म्हणून ती यंत्रात जोडून घेण्यात आली.

रस्ता मात्र सवयीसाठी थांबला नाही. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील अमरावती ते अकोला टप्प्यात ७५ किमी लांबीची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालण्यात आली आणि तिची गिनेस बुकात नोंद झाली. ज्या वाटेवर बंडीला एका मुक्कामाची तरी सोय करावी लागे, तेथे वीस वर्षांची करिझ्मा आज ताशी शंभर किलोमीटरने धावू शकते, आणि त्या वेगात तिला थांबवणारे निम्म्याहून अधिक बळ पुढच्या चाकातून यावे लागते. अशा गाडीच्या मालकाने मागच्या डिस्कसाठी खिशात हात घालण्यापूर्वी पुढच्या कॅलिपरचे तेल आणि पॅड बदलावेत, दोन्ही टायर नवे घ्यावेत, मागचा ड्रम कातून चांगल्या लायनरचे शू बसवावेत आणि रिकाम्या रस्त्यावर हाताने थांबण्याचा सराव करावा. एवढे केल्यावर मागच्या डिस्कची गरज शंभरातल्या थोड्याच गाड्यांना उरते, आणि ज्यांना उरते त्यांनी वेल्डिंग न करता त्याच कंपनीचा पूर्ण स्विंगआर्म, चाक आणि ब्रेक एकत्र घ्यावा, तोही परिवहन कार्यालयात आधी विचारून.